शोकाचा बाण एकट्याने निघत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)





वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. अशा दिवशी आम्ही दुःखाचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण या विहाराच्या याच सतरंजीवर बसून आपण मंगलपरिणय लावले, नामकरणे केली आणि याच सतरंजीवर बसून पुण्यानुमोदनेही केली. विहार जसा सुखाचा तसाच दुःखाचाही. म्हणून समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून हाच विषय दिला.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आम्ही या वस्तीतल्या नऊ बाया आणि चार पुरुष. आमच्यातल्या प्रत्येकाचा जोडीदार गेलेला आहे. कुणाला वीस वर्षे झाली, कुणाला दोन. पौर्णिमेची वंदना आटोपली की आम्ही मागच्या खोलीत तास-दीड तास बसतो. वस्तीत कुणाचा नवरा गेला, कुणाची बायको गेली, की आमच्यातले दोघे त्यांच्या घरी जातात. एवढेच आमचे काम. आमच्याकडे पावतीपुस्तक नाही आणि बॅनरही नाही. हे काम का करावे लागते, ते कसे करायचे आणि त्यात आपण सर्वांनी काय हातभार लावावा, एवढेच आज बोलायचे आहे.

आपली वस्ती मयताला धावून येणारी आहे, हे अभिमानाने सांगावे लागेल. कुणी गेले असे कळले की दहा माणसे दवाखान्यात, दहा माणसे घरी. कुणी तिरडीचे सामान आणतो, कुणी पाहुण्यांना फोन लावतो, शेजारची वहिनी न सांगता चहाचे पातेले चढवते. आठवडाभर त्या घरची चूल पेटू देत नाहीत, डबे येतात. भन्तेजी येतात, परित्राण पाठ होतो, जलदानविधी होतो, पुण्यानुमोदन होते. फोटोला हार घालतात, दोन शब्द बोलतात, जेवण होते आणि पंगत उठते.

मग काय होते? पाहुणे आपापल्या गावी जातात. भावाची रजा संपते. पोरे शाळेत जायला लागतात. डबे बंद होतात, आणि ते बरोबरच आहे, कारण प्रत्येकाला आपापला संसार आहे. त्या घरात मात्र खरे दुःख तेव्हा कुठे सुरू होते. पहिले पंधरा दिवस माणूस बधिर असतो, आपण काय खातो, काय बोलतो, त्याला कळत नाही. महिना-दीड महिना झाला की बधिरपणा उतरतो. संध्याकाळी सात वाजता दाराकडे कान जातो. चहा दोन कप टाकला जातो. पगाराची तारीख येते आणि जाते. त्यावेळी मात्र घरात कुणी नसते. आणि जे भेटतात ते म्हणतात, "आता सावर स्वतःला, पोरांकडे बघ." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ऐकणारीला त्यातून एवढेच कळते की आता माझे रडणे लोकांना नकोसे झाले आहे. मग ती लोकांसमोर रडायचे बंद करते आणि मोरीत नळ सोडून रडते.

अमेरिकेतल्या होम्स आणि राहे या दोन संशोधकांनी १९६७ साली आयुष्यात मनावर ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली होती. नोकरी जाणे, तुरुंगवास, आजार, कर्ज असे सगळे त्यात आहे. त्या यादीत सर्वांत वर, पूर्ण १०० गुण देऊन, त्यांनी काय ठेवले? जोडीदाराचा मृत्यू. आणि आपल्या देशात हे काही थोड्यांचे दुःख नाही. २०११ च्या जनगणनेत पती गमावलेल्या स्त्रियांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. त्यानंतर २०२० आणि २०२१ ही कोरोनाची दोन वर्षे आली. ती आपल्यातले कुणीही विसरणार नाही. त्या वर्षांत तर मयताला खांदा द्यायलाही माणूस मिळेना. कित्येकांनी आपल्या माणसाचे तोंडसुद्धा शेवटचे पाहिले नाही.

आता धम्म याबद्दल काय सांगतो ते पाहू.

किसा गौतमीची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. तथागतांनी तिला मूठभर मोहरी आणायला सांगितली, पण जिथे कधी कुणी मेले नाही अशा घरातून. आपण ही कथा सांगतो आणि शेवटी म्हणतो, "म्हणजे मरण कुणाला चुकले नाही." हे खरेच आहे. पण आमचे म्हणणे असे की या कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. मरण कुणाला चुकत नाही हे वाक्य तथागत तिला तिथल्या तिथे सांगू शकले असते. त्यांनी तसे केले नाही, तिला घरोघर पाठवले. ती एकेका दारात उभी राहिली, आणि प्रत्येक दारातल्या माणसाने तिला आपल्या घरातले मरण सांगितले. कुणी बाप गेल्याचे, कुणी मुलगा, कुणी बायको. मोहरी कुठेच मिळाली नाही, पण गावभरच्या दुःखी माणसांची भेट झाली. तिचे मन ज्यामुळे ठिकाणावर आले तो उपदेश अर्धा तथागतांचा आणि अर्धा त्या उंबरठ्यांवरच्या माणसांचा होता, असे आम्ही समजतो.

किसा गौतमीचे दुःख लेकराचे होते. पटाचारेचे दुःख तर नवऱ्यापासूनच सुरू झाले. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही मुलगी. घरातल्या नोकराशी लग्न करून दूर जाऊन राहिली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा वाटेत वादळ-पाऊस. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा सर्पदंशाने गेला. पुढे नदीपाशी दोन्ही लेकरे गेली. माहेर गाठावे तर घर कोसळून आईबाप आणि भाऊही गेलेले. तिला अंगावरच्या वस्त्राचेही भान राहिले नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. ती जेतवनात आली तेव्हाही लोक अडवू लागले. तथागतांनी तिला येऊ दिले, आणि कुणा एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले.

पुढची गोष्ट मात्र आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. ही पटाचारा भिक्खुणी झाली, विनयात अग्रस्थानी पोहोचली, आणि शोकाने पिचलेल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत चंदा नावाच्या थेरीच्या गाथा आहेत. ही चंदा विधवा होती. मूलबाळ नाही, नातेवाईक नाहीत, अन्न-वस्त्राची मारामार. हातात काठी आणि पात्र घेऊन सात वर्षे ती दारोदार भीक मागत फिरली. शेवटी तिला आसरा कुणी दिला? पटाचारेने. बघा, जिचा नवरा रानात गेला, तिनेच दुसऱ्या विधवेला हाताला धरून उठवले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आपल्या घरचे आहे. ज्याला आज परदेशात मोठी नावे देतात ते काम आपल्या थेरींनी केलेले आहे.

पुरुषांचेही उदाहरण आहे. अंगुत्तर निकायात मगधाच्या मुंड राजाची हकीगत येते. त्याची भद्दा राणी वारली. राजाने आंघोळ सोडली, जेवण सोडले, राज्यकारभार सोडला. रात्रंदिवस राणीच्या देहापाशी बसून राहू लागला. त्याने पियक नावाच्या आपल्या खजिनदाराला सांगितले की देह तेलाच्या लोखंडी पात्रात ठेव, म्हणजे मला ती जास्त दिवस दिसेल. पियकाने राजाला वेड्यात काढले नाही. सांगितल्याप्रमाणे केले. पण मनात विचार केला की याचा शोक कोण दूर करील? मग त्याने राजाला पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामात थेर नारद यांच्याकडे नेले. थेरांनी जे सांगितले त्या उपदेशाचे नावच आहे शोकरूपी बाण काढणे. त्यानंतर राजाने राणीवर अंत्यसंस्कार करून तिचा स्तूप बांधायला सांगितले. आता आपल्यातला प्रत्येक जण काही नारद थेर होऊ शकणार नाही. पण पियक होता येईल. दुःखी माणसाला न हसणे, त्याच्यापाशी राहणे आणि त्याला योग्य दारापर्यंत नेणे, एवढे तर प्रत्येकाला जमेल.

धम्मात याला शब्द आहे, कल्याणमित्रता. आनंदाने तथागतांना म्हटले की कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य आहे. तथागतांनी त्याला दुरुस्त केले की अर्धे नव्हे, संपूर्ण. इतके मोठे स्थान मैत्रीला दिलेले आहे.

आणि बाबासाहेब? २७ मे १९३५ रोजी राजगृहात माता रमाई गेल्या. चार लेकरांची मरणे त्या दोघांनी मिळून सोसली होती. विलायतेच्या शिक्षणाच्या काळातले हाल रमाईंनी एकटीने काढले होते. रमाई गेल्यावर एवढा वज्रासारखा महापुरुष शोकाने खचला. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे रडणारा माणूस दुबळा, असे आपल्याला म्हणता येणार नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. शोक आणि कर्तव्य ही दोन्ही एकाच माणसात, एकाच वर्षात होती. आमच्या बैठकीत एखादी ताई म्हणते, "काल मी हसले, मला लाज वाटली." तेव्हा आम्ही तिला हेच सांगतो की, ताई, रडणेही तुझेच आणि हसणेही तुझेच. मानसशास्त्राचे अभ्यासक स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये असेच मांडले की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये येरझारा घालतो. एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा समोरच्या संसाराकडे. एक दिवस फोटोपुढे बसून जातो, एक दिवस रेशनच्या रांगेत जातो. दोन्ही हवेत. एकाच टोकाला अडकला की माणूस बुडतो.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म घेतला. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान नाकारले. पण विधवेच्या बाबतीत आपली सगळी घरे स्वच्छ झाली आहेत काय? आजही काही घरांत मयताच्या वेळी बाईच्या बांगड्या फोडतात, कपाळ पुसतात. कुणी म्हणते पाहुण्यांसाठी, कुणी म्हणते सासूचे मन राखायला. मुलीच्या मंगलपरिणयात आईच मागच्या रांगेत बसते आणि मेणबत्ती लावायला काकू पुढे येते. हे कोणत्या धम्मात सांगितले आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केली. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे सांगितले. एक गाव जे करू शकते ते तथागतांच्या मूर्तीसमोर बसणाऱ्या वस्तीला का जमू नये? आमच्या बैठकीतल्या एका मावशीने गेल्या वर्षी मुलाच्या लग्नात स्वतः मेणबत्ती पेटवली. तिचे हात थरथरत होते. दुसरी ताई शेजारी उभी राहिली. काही आभाळ कोसळले नाही. मुलगा मात्र सर्वांसमोर आईच्या पाया पडला.

जगात हे काम कसे चालते तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १९५९ साली मार्गारेट टोरी यांनी विधवांसाठी 'क्रूझ' नावाची संस्था सुरू केली. अमेरिकेत बोस्टन इथे १९६७ मध्ये फिलिस सिल्व्हरमन यांनी एक उपक्रम केला, त्याचे नावच 'विधवेकडून विधवेला'. डॉक्टर किंवा समाजसेविका पाठवण्याऐवजी त्यांनी ज्यांचे स्वतःचे नवरे गेले होते अशा साध्या बायांना नव्याने विधवा झालेल्यांच्या घरी पाठवले. आधी पत्र, मग भेट. कॅनडात टोरंटो शहरात अशाच कामाचा अभ्यास १६२ विधवांवर झाला आणि तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे दुसरी विधवा जात होती त्या स्त्रिया इतरांपेक्षा लवकर सावरल्या, असे त्यात दिसले. आपल्या देशात राजस्थानात 'एकल नारी शक्ती संघटन' उभे राहिले. महाराष्ट्रात कोरोनानंतर २०२१ मध्ये 'कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती'ने तालुक्या-तालुक्यात काम केले. म्हणजे ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही आपली म्हण सगळीकडे खरी ठरली.

पुरुषांविषयी वेगळे बोलले पाहिजे. बायको गेली की लोक पुरुषाला विचारतात, "जेवणाचं काय करतोस?" आणि चार महिन्यांनी विचारतात, "दुसरं बघायचं का?" त्याला काय होते आहे हे कुणी विचारत नाही. चाळीस वर्षे मीठ कुठल्या डब्यात आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो एकदम रिकाम्या घरात पडतो. मग नाक्यावर बसणे, मग बाटली. पाचवे शील मोडायला त्या माणसाला फार वेळ लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी झाली होती, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत त्यातले २१३ जण वारले. त्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होते. म्हणून आमच्यातले चार पुरुष पुरुषांकडे जातात. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, हे त्यांना कळले आहे. ते त्याला बाजारात नेतात, भाजी निवडायला शिकवतात, सकाळी चालायला नेतात. चालता चालता तो बोलतो. एका दादाने तर पहिले दोन महिने फक्त क्रिकेटवर गप्पा मारल्या. तिसऱ्या महिन्यात समोरचे काका म्हणाले, "तिच्या साड्यांचं काय करू, कळत नाही." तिथून ते खरे बोलू लागले.

आता आमची रीत सांगतो, म्हणजे दुसऱ्या विहारांनाही करता येईल.

पहिली गोष्ट, आम्ही पुण्यानुमोदन झाल्यावर जातो. गर्दी ओसरली की आमची पाळी. जोडीने जातो, बाईकडे बाया, पुरुषाकडे पुरुष. आधी निरोप देतो, नको म्हटले तर परत येतो आणि महिन्याने पुन्हा विचारतो.

दुसरी गोष्ट, आम्ही उपदेश करत नाही. 'सगळे अनित्य आहे' हे वाक्य धम्माचे आहे, पण ते त्या माणसाने स्वतः म्हणायचे असते, आपण त्याच्या तोंडावर मारायचे नसते. गेलेल्याचे नाव आम्ही घेतो. "दादा कसे होते? काय आवडायचे त्यांना?" असे विचारतो. लोक नाव टाळतात आणि तेच जास्त बोचते.

तिसरी गोष्ट, दुःखाची तुलना करत नाही. "तुझे तरी बरे, आमच्या वेळी..." असे कुणी सुरू केले की आम्ही थांबवतो. म्हातारा नवरा गेला म्हणून दुःख कमी, असा काही तराजू नसतो. आणि भांडकुदळ नवरा गेला, मारणारा नवरा गेला, तरी बाई रडते. कधी सुटले असेही तिला वाटते आणि मग त्याचीच टोचणी लागते. तेही ऐकून घ्यायचे असते.

चौथी गोष्ट, जे खोलीत बोलले ते खोलीतच राहते. नळावर जाता कामा नये. हा नियम आम्ही सर्वांत कडक पाळतो, कारण एकदा विश्वास गेला की बैठक संपली. याच कारणाने आज इथे जी उदाहरणे दिली ती त्या-त्या माणसाला विचारून दिली आहेत.

पाचवी गोष्ट, तारखा आम्ही लिहून ठेवतो. पहिली वैशाख पौर्णिमा, पहिली १४ एप्रिल, लग्नाचा वाढदिवस, वर्षाचा दिवस. सगळी वस्ती निळ्या झेंड्यांनी सजलेली असते तेव्हा त्या घरात काय होत असेल? त्या दिवशी कुणीतरी जाऊन म्हणते, "चल, आमच्यासोबत मिरवणुकीला, नाहीतर आम्ही इथेच बसतो."

सहावी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती शोकाइतकीच महत्त्वाची आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि दाखल्याच्या प्रती जास्त काढाव्यात, कारण बँक, भविष्य निर्वाह निधी, विमा, निवृत्तिवेतन, घर, प्रत्येक ठिकाणी लागतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वर्षांचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तहसील कार्यालयात तिची चौकशी करावी. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलगा, मुलगी आणि सासू यांच्याबरोबरीने वाटा आहे. म्हणून बहिणींनो, शोकाच्या दिवसांत कुणी "नुसती सही कर" म्हणून कागद पुढे केला, तो कितीही जवळचा असला, तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. आमच्यातल्या एका ताईला एका कार्यालयात सात चकरा माराव्या लागल्या. दरवेळी नवा कागद मागितला. आठव्या खेपेला आम्ही चौघी सोबत गेलो आणि त्या दिवशी काम झाले. तिथे चौघी मिळून आम्ही वेगळे काहीच बोललो नाही. एकटी बाई आणि सोबत असलेली बाई यांत एवढा फरक पडतो.

आमची मर्यादाही सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. माणूस जेवत नाही, झोपत नाही, "मलाही जायचं आहे" असे म्हणतो, किंवा वर्ष उलटून गेले तरी पहिल्या दिवसाइतकाच मोडलेला आहे, तर त्याला आम्ही डॉक्टरांकडे नेतो. असा फार लांबलेला शोक हा उपचाराचा विषय आहे, हे आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केले आहे. शासनाची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. तथागतांना आपण महावैद्य म्हणतो, मग वैद्याची लाज कशाला?

शेवटी जी जोडपी आज इथे शेजारी शेजारी बसली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. नकुलपिता एकदा फार आजारी पडला. नकुलमाता त्याच्या उशाशी बसून म्हणाली की मनात काळजी ठेवून मरू नका. मी सूत कातू शकते, लोकर पिंजू शकते, लेकरांना वाढवीन, घर चालवीन, धम्म सोडणार नाही. एकेक काळजी घेऊन तिने दूर केली. नकुलपित्याचा आजार उतरला आणि तथागतांनी त्याला सांगितले की अशी बायको लाभली हा तुझा मोठा लाभ. आपल्याकडे मात्र मरणाचे नाव काढले की "अभद्र बोलू नका" म्हणतात. बांधवांनो, खाते कुठल्या बँकेत आहे, विमा कुठला, कर्ज किती, हे घरातल्या बाईला सांगून ठेवा. बहिणींनो, नवऱ्याला भात टाकायला शिकवा. हेही प्रेमच आहे.

या वर्धापनदिनी विहार समितीकडे आमच्या तीन मागण्या आहेत. एक, या विहारात होणाऱ्या प्रत्येक मंगलकार्यात आई विधवा असो वा नसो, मेणबत्ती तिच्याच हाताने लागेल, असा ठराव आजच्या सभेत व्हावा. दोन, बांगड्या फोडणे, कपाळ पुसणे हे ज्या घरी होईल तिथे समितीच्या माणसांनी गोड शब्दांत पण ठामपणे थांबवावे. तीन, पौर्णिमेची आमची मागची खोली वर्षावासातही आम्हालाच मोकळी ठेवावी, तिथे खुर्च्यांचा ढीग लावू नये.

आणि आपणा सर्वांकडे एकच मागणे. आपल्यातल्या ज्यांचा जोडीदार गेला आहे आणि जे थोडेफार सावरले आहेत, त्यांनी पुढच्या पौर्णिमेला मागच्या खोलीत यावे. शिक्षण लागत नाही, भाषण करावे लागत नाही. आपण ज्या वाटेने रडत आलो त्या वाटेवर आज कुणीतरी नवीन उभे आहे. त्याला फक्त एवढे सांगायचे असते की आम्हीही इथून गेलो, आणि बघ, आम्ही अजून चालतो आहोत.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.